फुगडी, फ्लॅश आणि शटरचे दोन पडदे

मंगळागौरीच्या रात्री कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्याला दोन गोष्टी हमखास छळतात. शटर स्पीड १/२०० सेकंद ठेवला, फ्लॅश लावला, फुगडीचा फोटो काढला. चेहरा छान उजळला, पण वेणीभोवती आणि खांद्यांभोवती पुसट सावट उरलं. मग वाटतं, शटर आणखी वेगवान करू. साध्या मॅन्युअल ट्रिगरवर (फ्लॅशला फक्त उडण्याचा इशारा देणारं साधन) फ्लॅश जोडून शटर १/१००० केला, तर फोटोचा खालचा बराचसा भाग काळाठिक्कर. कॅमेरा बिघडलेला नसतो आणि फ्लॅशही ठीक असतो. फ्लॅशच्या फोटोत शटरची वेळ वेगळी आणि फ्लॅशची वेळ वेगळी असते, आणि त्या दोन्ही एकमेकींशी जुळाव्या लागतात. फ्लॅश सिंक म्हणजे ही जुळणी.

समजावताना मी फुगडीच धरून चालणार आहे. श्रावणात आपल्याकडे मंगळागौरीला, गोव्यात चवथीला, जिथे फुगडी रंगते तिथे फोटोवाल्याला एकाच चौकटीत सगळे वेग मिळतात. दोघी हात धरून मागे झुकतात. पाय मध्यभागी जवळजवळ असतात, डोकी बाहेर. सेकंदाला एक फेरी होत असेल आणि डोकं मध्यापासून साधारण ८० सेंटिमीटरवर असेल, तर ते सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरतं. पाय मात्र सेकंदाला मीटरभरही सरकत नाहीत. नऊवारीचा पदर खोचलेला असतो, म्हणून सगळ्यात बाहेर उडते ती वेणी आणि तिच्यावरचा गजरा.

हा ५ मीटरचा आकडा लक्षात ठेवा. १/२०० सेकंदात डोकं अडीच सेंटिमीटर पुढे जातं. १/१००० सेकंदात ५ मिलिमीटर. १/१०००० सेकंदात अर्धा मिलिमीटर. तुमच्या आडव्या चौकटीत वरपासून खालपर्यंत २ मीटर उंचीचं दृश्य मावत असेल आणि कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे उभ्या बाजूला ४००० पिक्सेल असतील, तर एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. म्हणजे १/२०० सेकंदाच्या प्रकाशात डोकं ५० पिक्सेल पुसलं जाणार आणि १/१०००० सेकंदाच्या प्रकाशात फक्त एक.

एका फोटोत दोन एक्स्पोजर

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन एक्स्पोजर एकमेकांवर बसलेली असतात. एक हॉलमधल्या दिव्यांचं. शटर उघडं आहे तोवर ते साठत राहतं. दुसरं फ्लॅशचं. ते त्या वेळेतल्या एका क्षणात येतं आणि संपतं. नळाची बारीक धार घागरीत पडत असताना मध्येच कुणी एक कळशी रिकामी करावी, तसं. धार किती वेळ चालू ठेवायची हे शटर ठरवतं. कळशी रिकामी व्हायला लागणारा वेळ फ्लॅशचा स्वतःचा असतो, त्यावर शटरची सत्ता चालत नाही.

म्हणून दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करायचा तर शटर स्पीड बदलायचा, आणि फ्लॅशचा करायचा तर त्याची पॉवर. ॲपर्चर (लेन्सचं भोक) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) मात्र दोघांनाही सारखेच लागू पडतात.

सुरुवातीचं ते सावट आता ओळखता येईल. आयएसओ ३२०० ठेवला असेल, तर हॉलचे दिवे १/२०० सेकंदातही सेन्सरवर चांगलीच छाप सोडतात. फ्लॅशने डोकं स्पष्ट टिपलं, आणि त्याच फोटोत दिव्यांनी अडीच सेंटिमीटर सरकलेलं दुसरं डोकं पुसट टिपलं.

हे तपासायला एक साधी सवय लावून घ्या. फ्लॅश बंद करून, बाकी काही न बदलता, एक फोटो काढून बघा. तो जवळजवळ काळा आला, तर फ्लॅशच्या फोटोत सावट दिसणार नाही. दिव्यांचा प्रकाश योग्य एक्स्पोजरपेक्षा तीन-चार स्टॉप खाली असला (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) की पुरतं. आणि एकदा तो इतका खाली गेला की शटर १/६० आहे की १/२०० याने हालचालीच्या स्पष्टतेत फारसा फरक पडत नाही. अंधारात शटर कितीही वेळ उघडं असो, सेन्सरला दिसतो तो फक्त फ्लॅशचा क्षण.

हे तत्त्व फोटोग्राफीइतकंच जुनं म्हणावं लागेल. १८५१ साली विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘टाइम्स’ वृत्तपत्राचा कागद वेगाने फिरणाऱ्या चाकावर चिकटवला, खोली अंधारी केली, कॅमेऱ्याची लेन्स उघडी ठेवली आणि लायडन जारमधल्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीतल्या, विजेची एक ठिणगी पाडली. कागद फिरत असूनही अक्षरं वाचता आली. तिथे वेगवान शटर नव्हतंच. पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी हीच कल्पना टोकाला नेली. १९५७ मधला दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि १९६४ मधली सफरचंदातून आरपार जाणारी गोळी हे त्यांचे फोटो अजूनही पाठ्यपुस्तकांत भेटतात. गोळीच्या फोटोत खोलीत अंधार होता, आणि गोळीचा आवाज मायक्रोफोनने पकडून त्यावर फ्लॅश उडवला होता. हलती गोष्ट गोठवायची तर फ्लॅश किती थोडा वेळ जळतो आणि नेमका कधी जळतो, या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

काळा पट्टा कुठून येतो

बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच दिशेने मागून येऊन झाकतो. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. तेवढं अंतर कापायला पडद्याला साधारण १/३०० सेकंद लागतात. तुमचा शटर स्पीड कितीही असो, पडद्याची धाव तीच राहते. दुसरा पडदा किती उशिरा निघतो, एवढंच बदलतं.

शटर १/२०० असताना पहिला पडदा पूर्ण खाली पोचतो, दोनेक मिलिसेकंद सगळा सेन्सर उघडा राहतो आणि मग दुसरा निघतो. फ्लॅशला त्या दोन मिलिसेकंदांत जळून जायचं असतं. १/१००० ला मात्र पहिला पडदा अर्ध्यावरही नसताना दुसरा निघालेला असतो. सेन्सर कधीच पूर्ण उघडा नसतो, जेमतेम ७ मिलिमीटरची फट वरून खाली सरकत जाते. त्या वेळी फ्लॅश उडाला तर प्रकाश फक्त फटीतून आत जातो. लेन्समधून येणारी प्रतिमा उलटी असते, म्हणून दुसऱ्या पडद्याने झाकलेला सेन्सरचा वरचा भाग फोटोत खाली काळा दिसतो.

सेन्सर पूर्ण उघडा राहण्याची खात्री ज्या कमाल वेगापर्यंत असते, तो त्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड. आजच्या कॅमेऱ्यांत तो साधारण १/१६० ते १/२५०. जुन्या, कापडी पडदा आडवा सरकणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यांत तो १/६० च्या आसपास असे. पडद्याला २४ ऐवजी ३६ मिलिमीटर धावावं लागे, आणि कापड धातूच्या पात्यांइतकं जोरात फेकता येत नसे. लेन्समध्येच पाकळ्यांचं शटर असलेल्या कॅमेऱ्यांना ही अडचण नसते. १९५७ चा हॅसलब्लाड ५००सी कमाल १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅशशी जुळत असे.

फ्लॅश किती वेळ जळतो

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो, म्हणून जरा थांबू. हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, बसणाऱ्या फ्लॅशची पॉवर अर्धी केली की त्याचा उजेड मंद होतो, असं वाटतं. खरं तर तो जवळजवळ तेवढ्याच जोरात जळतो, पण लवकर तोडला जातो. म्हणजे पॉवर कमी, तर वेळ कमी. निकॉनच्या एसबी-८०० या फ्लॅशचे कंपनीने दिलेले आकडे बोलके आहेत. पूर्ण पॉवरला १/१०५० सेकंद, पाव पॉवरला १/२७००, १/१६ पॉवरला १/१०९००, आणि सगळ्यात कमी, म्हणजे १/१२८ पॉवरला १/४१६००.

फुगडीच्या हिशोबात पूर्ण पॉवरला डोकं ५ मिलिमीटर, म्हणजे दहा पिक्सेल पुसणार. व्हॉट्सॲपवर ते कुणाला दिसणार नाही. मोठी प्रिंट काढायची असेल तर गजऱ्यातली कळी आणि नथीचे मोती एकमेकांत मिसळलेले दिसतील. १/१६ पॉवरला हेच पुसणं एका पिक्सेलवर येतं. म्हणून गोठवायचंच असेल तर फ्लॅशला जास्तीत जास्त जोर लावणं ही चुकीची दिशा आहे. आयएसओ थोडा वाढवा, फ्लॅश जवळ आणा, किंवा एकाऐवजी दोन-तीन फ्लॅशमध्ये काम वाटून द्या, म्हणजे प्रत्येकाला कमी जळावं लागेल. छतावरून प्रकाश उडवून घेताना दोन-तीन स्टॉप सहज खर्च होतात, तेही धरून चाला. तरी फुगडीला मी छतावरूनच प्रकाश घेईन, कारण गरगर फिरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जवळून थेट फ्लॅश मारणं धोक्याचं आहे.

पेच असा की आयएसओ वाढवला की दिव्यांचा प्रकाशही वाढतो आणि सावट परत येतं. माझ्या मते यावर सगळ्यात चांगला उपाय कॅमेऱ्याबाहेर आहे. यजमानांना विचारून हॉलमधल्या अर्ध्या ट्यूब बंद करून घ्या. समया आणि माळा असू द्या, त्यांनी वातावरण राहतं.

पहिला पडदा की दुसरा

इतका वेळ हालचाल गोठवण्याचं बोललो. पण फुगडी अगदी गोठवून टाकली तर दोघी हात धरून विचित्रपणे मागे रेललेल्या दिसतात, फेरीचा वेग फोटोतून निघूनच जातो. थोडी रेघ हवी असते. म्हणून आता दिव्यांचं एक्स्पोजर मुद्दाम जिवंत ठेवायचं. साधारण उजेडाच्या हॉलमध्ये ॲपर्चर एफ ५.६, आयएसओ ४००, शटर १/१५ अशी सुरुवात करून बघा. दिव्यांचा प्रकाश योग्य एक्स्पोजरपेक्षा एक ते दीड स्टॉप खाली राहील असं बघायचं.

१/१५ सेकंदात डोकं ३३ सेंटिमीटर सरकतं. एवढ्या लांब वाटेत फ्लॅश कुठे उडतो, याला आता महत्त्व येतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिला पडदा पूर्ण उघडताक्षणी तो उडतो. डोकं आधी स्पष्ट उमटतं आणि मग ३३ सेंटिमीटरची धूसर रेघ त्याच्या पुढे जाते. वेणी मागे उडालेली आणि रेघ पुढे पसरलेली. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी उलटं वाटतं, जणू ती मागे मागे फिरते आहे. मेन्यूत रिअर किंवा दुसरा पडदा निवडला की फ्लॅश दुसरा पडदा निघण्याच्या अगदी आधी उडतो. रेघ आधी साठते आणि तिच्या टोकाला स्पष्ट चेहरा येतो. वेणी आणि रेघ दोन्ही मागे. फेरीची दिशा फोटोतच वाचता येते.

दोन्ही प्रकारांत एकूण प्रकाश तितकाच असतो, म्हणून एक्स्पोजर बदलत नाही. बदलतो तो फक्त क्रम. आणि तो क्रम दिसायचा तर दिव्यांचा प्रकाश पुरेसा हवा. १/२०० ला, काळोख्या सेटिंगमध्ये रिअर निवडून काही हाती लागत नाही.

रिअर सिंकचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं असं मला वाटतं. झिम्म्याचं उदाहरण घ्या. टाळी वाजते तो क्षण हवा आहे. १/१५ ला रिअर सिंक लावून टाळीवर बटण दाबलंत, तर फ्लॅश सुमारे ६७ मिलिसेकंद उशिरा उडेल. हात सेकंदाला ३ मीटर वेगाने दूर होत असतील, तर तोवर ते २० सेंटिमीटर लांब गेलेले असतील. झिम्मा, पिंगा, कोंबडा, ज्या खेळात नेमकी मुद्रा महत्त्वाची आहे तिथे पहिला पडदाच बरा. बटण आणि फ्लॅश यांच्यातलं अंतर कमीत कमी राहतं. फुगडीत प्रत्येक क्षण आधीच्यासारखाच असतो, म्हणून तिथे उशीर परवडतो.

रिअर सिंकची दुसरी अडचण डोळ्यांची. टीटीएलमध्ये, म्हणजे पॉवर आपोआप ठरवण्याच्या पद्धतीत, फ्लॅश खऱ्या झोताआधी एक छोटा चाचणी-झोत टाकतो आणि त्यावरून पॉवर ठरवतो. पहिल्या पडद्याला हे दोन झोत इतके जवळ असतात की एकच वाटतात. रिअर सिंकमध्ये मात्र चाचणी-झोत शटर उघडण्याआधी आणि खरा झोत शेवटी. मध्ये निदान १/१५ सेकंद जातो, आणि तेवढ्यात पापणी मिटू लागू शकते. मग फोटोत डोळे मिटलेले येतात, आणि शटर आणखी संथ असेल तर माणसं पहिल्या झोतालाच फोटो झाला असं समजून पोझ सोडतात. उपाय सोपा आहे. टीटीएल बंद करून फ्लॅश मॅन्युअलवर घ्या. हॉलमध्ये अंतर फारसं बदलत नाही, त्यामुळे एकदा पॉवर ठरली की रात्रभर चालते.

पार्श्वभूमीचा विचार कुणी फारसा सांगत नाही, आणि रेघेची अर्धी किंमत तिच्यात असते. पांढरा गजरा काळोख्या कोपऱ्यासमोरून गेला तर सुंदर रेघ उमटते. काळी वेणी पांढऱ्या भिंतीसमोरून गेली तर रेघ उमटतच नाही. उलट वेणी जिथे थोडाच वेळ होती, तिथे भिंतीचा प्रकाश बाकीच्या वेळात चढतो आणि वेणी आरपार दिसायला लागते. म्हणून उभं राहण्याची जागा अशी निवडा की खेळणाऱ्यांच्या मागे दार, गडद पडदा किंवा मागच्या रांगेतल्या गडद साड्या असतील.

दिवे कसले आहेत तेही बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही. १/१५ सेकंदाच्या रेघेत मात्र सहा-सात तुकडे पडतात, जणू तुटक टाके घातले आहेत. पिवळ्या बल्बखाली रेघ पिवळी आणि चेहरा निळसर पांढरा येतो. फ्लॅशवर नारिंगी जेलचा (पारदर्शक रंगीत प्लास्टिकचा) तुकडा लावला की दोन्ही रंग जुळतात.

हाय स्पीड सिंक या सोयीबद्दल थोडक्यात. यात फ्लॅश एका झोताऐवजी अतिशय जलद ठिणग्यांची मालिका सोडतो, आणि फट वरून खाली जाईपर्यंत उजेड जवळजवळ अखंड राहतो. काळा पट्टा जातो, पण फ्लॅशचा जोरही बराच जातो, आणि हालचाल आता शटर गोठवतं, फ्लॅश नाही. १/१००० ला डोकं पुन्हा ५ मिलिमीटर पुसणार. भर दुपारी अंगणात ॲपर्चर मोठं ठेवून चेहऱ्यावर थोडा प्रकाश टाकायला ही सोय उत्तम. रात्रीच्या हॉलमध्ये तिचा उपयोग नाही. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्री या कॅमेऱ्यात ग्लोबल शटर आहे. सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि मिटतात, त्यामुळे १/८०००० पर्यंत सिंक होतो. एवढ्या वेगाला फ्लॅशचा बराचसा झोत शटर मिटल्यावर वाया जातो, ही गोष्ट वेगळी.

मोबाईलवर यातलं बहुतेक चालत नाही. तिथला ‘फ्लॅश’ म्हणजे एलईडीचा दिवा. तो एक्स्पोजरभर पेटलेला राहतो, म्हणून गोठवत नाही. झेनॉन फ्लॅश, म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा क्षणिक झोत टाकणारा, असलेले मोबाईल मोजकेच निघाले, २०१२ चा नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू हा त्यातला एक.

मंगळागौरीची वाट न बघता हे सगळं घरी तपासता येतं, छताच्या पंख्यावर. साध्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याच्या पात्याचं टोक पूर्ण वेगात सेकंदाला २० मीटरहून जास्त धावतं, फुगडीच्या चौपट. पंखा बंद असताना एका पात्याच्या टोकाजवळ पांढऱ्या कागदी टेपचा लहान तुकडा घट्ट चिकटवा. खोलीतली ट्यूब चालू ठेवा, शटर १/६०, फ्लॅश मॅन्युअलवर. आधी पहिल्या पडद्याला एक फोटो, मग रिअरला एक, आणि टेपची धूसर रेघ स्पष्ट तुकड्याच्या पुढे आहे की मागे ते बघा. मग ट्यूब बंद करा आणि फ्लॅशची पॉवर पूर्ण, पाव, १/१६ अशी उतरवत न्या, त्या प्रमाणात आयएसओ वाढवत. पूर्ण पॉवरला टेपची कड दोनेक सेंटिमीटर पसरलेली दिसेल, १/१६ ला जेमतेम दोन मिलिमीटर. जिथे टेपची कड तुमच्या कामापुरती स्पष्ट होते, ती पॉवर लिहून ठेवा. फुगडीला त्याच्या दोन पायऱ्या वरपर्यंत, म्हणजे चौपट पॉवरपर्यंत गेलात तरी साधारण चालतं.